भावजींचं शेपूट

लहान काम बघून कोणी हुरळून जाऊ नये, हे मी माझ्या भावजींवरून शिकले. त्यांनी ते मला शिकवलं नाही. शिकवायची हौस त्यांना दांडगी, पण ती शब्दांची. हे मी नुसतं त्यांच्याकडे बघून शिकले, आणि बघता बघता माझा इतका जीव जळला की दुसरं कोणी असतं तर मी बघणंच सोडून दिलं असतं.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उंच, थोडे पुढे वाकलेले, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी शाळकरी होते आणि मुद्दाम नवा फ्रॉक घालून दारात उभी होते. कौतुक होईल अशी माझी अपेक्षा. भावजींनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "फ्रॉक. हा मूळचा संन्याशाचा झगा. मठातले साधू घालायचे. मुलींच्या अंगावर तो फार नंतर आला." मी आत पळाले आणि ताईला म्हणाले, "बाई गं, हा नको. हा येडा आहे." ताई हसली. हसली तिथंच सगळं झालं.

पुढे मी शिवणकामाचं दुकान टाकलं. इतके फ्रॉक शिवले, पण प्रत्येक वेळी काजं करताना तो संन्यासी डोळ्यांपुढे येतोच. भावजी मला 'कात्री' म्हणतात. धंद्यावरून म्हणतात की जिभेवरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते एका कोशकचेरीत कामाला होते. तिथं इंग्रजी शब्दांचा कोश चालला होता, आणि तो उलटा होता. म्हणजे सगळे कोश शब्दाच्या डोक्यापासून चालतात, हा शेपटापासून. एकाच शेवटाचे शब्द एका जागी आणायचे, प्रत्येकाचे सगळे अर्थ आपल्या भाषेत लिहायचे, आणि तो शब्द आला कुठून तेही लिहायचं. ही कल्पना मुख्य संपादकांची. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी कामाला घेतलेल्या प्रत्येकापुढे शेपटांची यादी ठेवली आणि म्हणाले, निवडा. कचेरीत शेवटाला शेपूटच म्हणत. अट एकच होती. ज्यानं शेपूट धरलं त्यानंच ते संपवायचं. मध्येच सोडून गेलात तर तुम्ही अर्थ लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या रद्दीत. दोघांच्या हातांनी लिहिलेला शब्द लंगडतो, असं साहेबांचं मत होतं.

भावजींच्या शेजारी बसणाऱ्या माणसानं 'लॉजी' हे शेपूट घेतलं. सगळी शास्त्रांची नावं, हातभर लांब, बघूनच घाम फुटावा. भावजींनी घेतलं 'ऑक'. लॉक, क्लॉक, ब्लॉक, स्टॉक, डॉक, रॉक. सगळे कसे चिमूटभर शब्द, पोरांच्या पहिल्या पुस्तकातले. भावजी मनातल्या मनात हसले. ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं. त्यांना वाटलं, हा लॉजीवाला म्हातारा होईल तरी सुटायचा नाही, आपण मात्र दोन वर्षांत मोकळे.

मोकळं व्हायची त्यांना घाई होती, कारण ताई. ताई नर्स. लग्नाच्या आधीच तिला दूरच्या गावी इस्पितळात नोकरी लागली होती, राहायला इस्पितळाच्या आवारात खोल्या होत्या, आणि आमची आई तिच्याजवळ होती. शहरातून तिथं जायचं म्हणजे बसमध्ये दिवस मोडायचा. लग्न झालं तेव्हा भावजी म्हणाले, "हे शेपूट संपलं की मी येतो. तिथल्या शाळेत नाहीतर वाचनालयात काहीतरी मिळेल. सगळे लहान शब्द आहेत." ताईनं सगळ्यांना तसंच सांगितलं. शेजारणींना, डॉक्टरांना, आईला. आई म्हणाली, बरं.

लॉजीवाला तीन वर्षांत सुटला. त्याच्या शब्दांना एकेकच अर्थ, आणि मूळ विचारलं तर सगळे ग्रीक भाषेतून सरळ रांगेत चालत आलेले. त्यानं कामं हातावेगळी केली, साहेबांना नमस्कार केला आणि कुठंतरी प्राध्यापक होऊन गेला. भावजी तेव्हा स्टॉकमध्ये होते.

स्टॉक म्हणजे काय, विचारा. दुकानातला माल. कंपनीचे शेअर. बंदुकीचा दस्ता. गोठ्यातली जनावरं. घराणं. एक फूल. अजून किती तरी. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ते हेच. मोठे शब्द सुटाबुटातल्या पाहुण्यांसारखे एका खुर्चीवर बसून राहतात. लहान शब्द मात्र गावभर हिंडतात, मिळेल त्या घरात शिरतात, आणि त्यांच्यामागे हिंडून हिंडून भावजींच्या नाकी नऊ आले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

ती कचेरी मी पाहिली आहे. खाली कापडाचं घाऊक दुकान, वर तीन खोल्या. मधल्या खोलीत लांबलचक टेबलं, आणि त्यांवर पत्त्यांसारख्या मांडलेल्या चिठ्ठ्या. एक अर्थ, एक चिठ्ठी. त्यांची मांडामांड करून क्रम लावायचा. त्या उडू नयेत म्हणून खिडक्या कायमच्या बंद. पंखा नाही, छताला त्याचा नुसता हूक. दार उघडलं की वारा येतो, म्हणून काम सुरू झालं की शिपाई बाहेरून कडी लावायचा आणि जेवणाच्या सुट्टीला काढायचा. कोणाला मधेच बाहेर यायचं असेल तर आतून तीनदा ठोकायचं, मग आतले सगळे आपापल्या चिठ्ठ्यांवर दगड ठेवणार, मग शिपाई कडी काढणार. त्या शिपायाला सगळे कडीमामा म्हणत. माणूस गरीब होता बिचारा, पण त्याच्या हातात कडी होती.

"तुम्हाला गुदमरत नाही?" मी एकदा भावजींना विचारलं.

"पहिलं वर्ष गुदमरलं," ते म्हणाले.

ते शहरात एका भाड्याच्या खोलीत राहायचे, तीही आणखी एकाबरोबर वाटून घेतलेली. सुट्टीत ताईकडे जायचे, ती कधी यायची तर माझ्या दुकानामागच्या खोलीत उतरायची. आणि दर वेळी तेच. "आता थोडं राहिलंय." मला लोक विचारायचे, तुझ्या ताईला मूलबाळ कसं नाही? मी म्हणायचे, दोन माणसं एका घरात राहिली तर तिसरं येणार ना! ताईला हे कळलं तेव्हा तिनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला. बरोबरच होतं तिचं.

पण मला राग यायचा तो ह्याचा, की काम संपायला अख्खा जन्म लागणार असं पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर ताई सरळ नोकरी सोडून आईला घेऊन शहरात आली असती. शेवट लांब दिसला असता तर तिनं काहीतरी केलं असतं. तो कायम जवळच होता. आज आहे, उद्या आहे, पुढच्या सुट्टीपर्यंत नक्की आहे. अशा माणसाला कोण काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. कचेरीत फोन एकच, साहेबांच्या खोलीत, आणि कामाच्या वेळात साहेब निरोप देत नसत. ताईनं मला फोन केला. आवाज अगदी साधा. "ह्यांना सांगशील का? जमलं तर या म्हणावं." जमलं तर! मी दुकानाला कुलूप लावलं आणि सुटले ती थेट कचेरीच्या जिन्यावर. कडीमामा स्टुलावर बसून कान कोरत होता.

"सुट्टीला या बाई," तो म्हणाला. "आता कडी आहे."

मी दारावर थाप मारली. "भावजी! मी आलेय, कात्री!"

आतून घसा खाकरल्याचा आवाज. "काय गं? सुट्टीला यायचंस ना."

"ताईचं ऑपरेशन आहे उद्या. चला, बस आहे."

आत खुर्ची सरकली. मग अगदी दाराजवळून आवाज आला, "कसलं ऑपरेशन?"

"पित्ताशयाचं. तुम्ही आधी बाहेर या."

"मामांना विचार. साहेबांची परवानगी लागेल. मी तोवर चिठ्ठ्या आवरतो, फार पसरल्यात."

कडीमामा म्हणाला, साहेब आल्याशिवाय मला नाही काढता येणार. मी त्याच्याकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, आणि कडी काढून दार सताड उघडलं. बाहेर वारा कसला, पान हलत नव्हतं. पण आतली पाच-सहा मोठी माणसं, शिकलेली, चष्मे लावलेली, 'अहो अहो' करत टेबलांवर आडवी झाली. भावजी दारापासून धावत आपल्या टेबलाशी पोचले होते. दोन्ही हात पसरून, छाती टेकवून, गाल चिठ्ठ्यांवर ठेवून ते पडले होते आणि तसेच आडवे माझ्याकडे बघत होते.

"आधी दार लाव," ते म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही. दार लावलं मी. दुसरं काय करणार?

ते आले मात्र. संध्याकाळची बस आम्हाला मिळाली. ऑपरेशन नीट झालं, आणि भावजी ताईच्या खाटेजवळ चार-पाच दिवस बसून राहिले. एवढ्या मोठ्या खिडकीजवळ बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सारखे डोळे चोळायचे. एकदा ताईचा डोळा लागला होता तेव्हा आपणहून बोलायला लागले.

"स्टॉक म्हणजे मूळचं झाडाचं खोड. त्याच लाकडाला भोकं पाडून त्यात गुन्हेगाराचे पाय अडकवायचे. आपल्याकडे तेच आहे बघ, खोड आणि खोडा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच केलं."

"हं," मी म्हणाले.

"ब्लॉक म्हणजे ओंडका. क्लॉक म्हणजे घंटा, नुसती घंटा, वेळ तिच्यात नंतर शिरली. आणि कोर्टात आरोपी उभा राहतो तो डॉक. तो शब्द आला सशांच्या खुराड्यावरून. आपण त्याला पिंजराच म्हणतो की."

"आणि ज्याला कडीमामा बाहेरून कडी लावतो तो कोणत्या शेपटाचा?"

माझे शब्द त्यांना लागले असावेत. भावजींनी ताईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग घसा न खाकरता म्हणाले, "तुला वाटतं मला यायचं नाही. मला यायचंय गं. रोज दार लागलं की मी मनाशी म्हणतो, आज एक चिठ्ठी कमी. पण सोडून आलो तर इतक्या वर्षांचं सगळं रद्दीत जाणार. मग मी इथं येऊन हिला काय सांगू? इतकी वर्षं कशासाठी बसलो होतो म्हणून सांगू?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यांच्यासाठी दोन्हीकडे आडच होता. जाताना ताईला म्हणाले, "आता फक्त रॉक राहिलाय." ताई म्हणाली, "डबा घेतलात ना?"

रॉक म्हणजे दगड, आणि दगडच निघाला. अर्थ सगळे लागले, मूळ लागेना. मागे मागे जात लॅटिनपर्यंत पोचायचं, आणि त्याच्या पलीकडे भिंत. भावजींनी 'मूळ अज्ञात' असं लिहून चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, "आईबापांशिवाय कोणी जन्माला येतं का? शोधा." भावजी पुन्हा आत, बाहेरून कडी.

बरं, तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण जग काही कोशासाठी थांबत नाही. लोकांच्या हातात मोबाईल आले. माणसं फोन लॉक करायला लागली, मग अनलॉक करायला लागली. माझी एक गिऱ्हाईक तिच्या जावेवर चिडली आणि तिनं तिला ब्लॉक केलं. हे मी हसत हसत भावजींना सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला. ब्लॉकच्या चिठ्ठ्या त्यांनी केव्हाच बांधून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गाठ सोडली. हे म्हणजे इकडे मी शर्टाची शेवटची गुंडी लावतेय आणि तिकडे माणसाला तिसरा हात फुटतोय.

ह्या सगळ्यात आई गेली. ताईचे केस पिकले. ती निवृत्त झाली तेव्हा इस्पितळाच्या खोल्या सोडाव्या लागल्या, म्हणून तिनं त्याच गावात दोन खोल्यांचं घर घेतलं. मला वाटलं आता ती शहरात येईल. पण भावजींनी नेमकं तेव्हाच कळवलं होतं की शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. घराला पुढे छोटा ओटा होता. ताईनं सुताराकडून ओट्यावर बसवायला बाक करून घेतला, चांगला लांब, पाठ टेकायला फळी असलेला. सुतार म्हणाला, "एकट्या बाईला एवढा बाक कशाला?"

"मला पाय पसरून बसायला लागतं," ताई म्हणाली. ताई जन्मात कधी पाय पसरून बसलेली नाही.

आणि मग एके दिवशी कचेरीच बंद झाली. साहेब वारले, त्यांच्या मुलानं जागा खालच्या कापडवाल्याला विकली. कोश छापला गेला नाही. आता असले कोश विकत घेतो कोण, असं मुलगा म्हणाला, आणि खोटं नव्हतं ते. चिठ्ठ्यांची पोती भरली गेली. भावजींनी हात जोडून आपलं शेपूट तेवढं मागून घेतलं. दोन पत्र्याच्या ट्रंका. त्या बसच्या टपावर चढवायला मीच गेले होते. कडीमामाही आला होता, आता तोही रिकामाच. त्यानं भावजींचा हात हातात धरला तो कंडक्टरनं घंटी मारली तेव्हाच सोडला.

त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. सुटला बाबा एकदाचा! रॉकच्या आईबापांचा पत्ता लागला नाही तर न लागो. मी ताईच्या घराच्या खिडक्यांना पडदे शिवले. हलकं कापड घेतलं, वाऱ्यावर भुरभुरणारं, फिकट निळं. ते पाठवून दिले आणि दुकानाच्या गर्दीतून मोकळी झाल्यावर चार दिवस राहायला म्हणून गेले.

दारातूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. खिडक्या बंद. माझे पडदे टाचण्या लावून चौकटीला ताणून बसवलेले, म्हाताऱ्याच्या गालफडासारखे. ताई ओट्यावर बाकाच्या एका टोकाला एकटीच बसली होती. मागच्या खोलीचं दार लागलेलं.

"भावजी कुठे आहेत?"

"कामात आहेत," ताई म्हणाली.

"कसलं काम? कोश तर रद्दीत गेला!"

"हळू बोल." तिनं मला शेजारी बसवलं. "आले तेव्हा आठ-दहा दिवस इथं माझ्याजवळ बसले. बसायचे, उठायचे. परत बसायचे. चहा गार व्हायचा. पान हललं तरी दचकायचे. मग ट्रंका उघडल्या, मागच्या खोलीत टेबल मांडलं. तरी जमेना. मग एक दिवस मला म्हणाले..." ताई थांबली. "म्हणाले, बाहेरून कडी लावशील का? त्याशिवाय लक्ष लागत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू लावलीस? तू? सगळा जन्म वाट बघितलीस ती ह्याच्यासाठी? कडीमामा व्हायला?" मी ताडकन उठले. त्या कचेरीतली कडी मी एकदा काढली होती, ही तर माझ्या बहिणीच्या घरातली. मी तरातरा आत गेले आणि दारापाशी जाऊन थबकले.

कडी लागलेलीच नव्हती. नुसती लोंबत होती. दार टेकलेलं, आतून बोटभर ढकललं तरी उघडेल असं.

ताई मागून आली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून ओट्यावर आणलं. "मी नुसती वाजवते," ती कुजबुजली. "नवऱ्याला मी कोंडणार आहे का? पण आवाज झाला की त्यांचं मन लागतं. त्यांना कळत नाही."

थोड्या वेळानं आतून तीनदा ठोकल्याचा आवाज आला. नॉक हा शब्द त्या आवाजावरूनच झालाय, असं भावजींनी मला कधीतरी सांगितलं होतं. ताई उठली, कडी वाजवली, दार उघडलं. भावजी बाहेर आले, मला बघून म्हणाले, "अरे वा, कात्री!" आणि अगदी मनापासून हसले. जेवले, गप्पा मारल्या, सॉक म्हणजे मूळचा हलका जोडा आणि जुन्या रोममधल्या विनोदी नाटकांतले नट तो घालत, हे मला सांगून झालं. मग हात पुसून पुन्हा आत गेले. ताईनं मागे कडी वाजवली.

दुसऱ्या दिवशी ताई बाजारात गेली. जाताना मला सांगून गेली, "ठोकलं तर तू उघड. आधी वाजव मात्र." मी ओट्यावर काजं करत बसले. थोड्या वेळानं ठोकलं. एक, दोन, तीन. मी आत गेले, पण कडीला हात लावला नाही. म्हटलं, हे सोंग आता पुरे.

"भावजी, दार ढकला. कडी लावलेली नाही."

मग घसा खाकरल्याचा आवाज. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कडी लावलेली नाही ते. कोयंड्यात बसली की कडी गप्प होते. ही नुसती वाजते, आणि मग हलत राहते. पहिल्याच दिवशी कळलं मला. जन्मभर दुसरं ऐकलंय काय?"

"मग ढकला की. एवढंसं तर दार."

"हात जात नाही गं," भावजी म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून मी दुसऱ्या कोणाची थट्टा केली असती. तिथं माझी कात्री चालली नाही. मी दाराच्या अलीकडून तळहात टेकवून उभी राहिले. ते पलीकडे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी ओढलं असतं तर उघडलंच असतं. पण मला फार वाटलं की त्यांनी ढकलावं. एकदा, फक्त एकदा. मनात म्हणत होते, ढकला, ढकला हो. कोणी ढकललं नाही.

"तिला सांगू नकोस," आतून हळू आवाज आला. "तिला वाटतं मला कळत नाही. तिला बरं वाटतं."

तेवढ्यात फाटक वाजलं. ताई पिशवी घेऊन आत आली, माझा चेहरा पाहून म्हणाली, "काय झालं गं? रडतेस काय?"

"कांदा कापत होते," मी म्हणाले. हातात सुई होती.

आतून पुन्हा तीनदा ठोकलं. ताईनं पिशवी खाली ठेवली, पदरानं हात पुसले, लोंबणारी कडी उचलून खळकन वाजवली आणि दार उघडलं.

"झालं का?" तिनं विचारलं.

"आजच्यापुरतं," भावजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ओट्यावर आम्ही तिघांनी चहा घेतला. बाक लांब होता, तिघं आरामात मावलो. भावजी मध्ये बसले होते. वारा चांगला सुटला होता. ताई त्यांना बाजारातलं काही सांगत होती आणि ते मान हलवत होते, पण डोळे आतल्या दाराकडे. मी तोंड मिटून बसले, अळीमिळी गुपचिळी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ बोलायला होतं आणि बोलता येत नव्हतं. मग भावजींनी कप बाकावर ठेवला, "बरं," असं म्हणाले, आत गेले आणि आपल्या हातानं दार ओढून घेतलं.

दार लागलं. आत काहीच आवाज होईना. खुर्ची सरकली नाही, ट्रंक उघडली नाही. ते दाराशीच उभे होते. ताईनं आपला अर्धा चहा खाली ठेवला, उठली, आणि जाऊन कडी वाजवली.